मराठीत ‘द’ नाही, म्हणून रसेल चुकला का?

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी सहा पानांचं एक टिपण लिहिलं होतं. त्याचा सारांश असा: बर्ट्रंड रसेलचा वर्णनांचा सिद्धान्त ‘द’ या इंग्रजी शब्दावर उभा आहे, मराठीत ‘द’ नाही, तेव्हा हा सिद्धान्त भाषेबद्दल नाही, फक्त इंग्रजीबद्दल आहे. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. शंभर वर्षांहून जुना, जगभर शिकवला जाणारा पेपर आपण सहा पानांत निकालात काढला! गाईडनी टिपण परत दिलं तेव्हा समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: ‘यात रसेलचं नेमकं कोणतं विधान खोटं ठरलं?’

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे कित्येक महिने त्या एका प्रश्नात गेले आणि टिपणातलं जवळजवळ सगळं टाकून द्यावं लागलं. जे उरलं ते थोडं आहे, पण टिकाऊ आहे असं मला वाटतं. तुमच्यापैकी जे नेट-सेट किंवा पेटची तयारी करताहेत, ‘भाषेचं तत्त्वज्ञान’ हा विषय घ्यावा का असा विचार करताहेत, त्यांच्यासाठी आज हे सविस्तर लिहिते. कारण ही चूक तुम्हीही करणार आहात. आपल्या भाषेतून या परंपरेकडे बघणाऱ्या प्रत्येकाला हा मोह होतोच.

आधी रसेल काय म्हणतो ते

‘ऑन डिनोटिंग’ हा पेपर १९०५ साली ‘माइंड’ या नियतकालिकात आला. त्यातलं गाजलेलं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच: फ्रान्सच्या सध्याच्या राजाला टक्कल आहे. फ्रान्समध्ये १८४८ पासून राजा नाही. मग हे वाक्य कशाबद्दल आहे? टक्कल असलेल्या सगळ्या वस्तूंची यादी करा, टक्कल नसलेल्या सगळ्यांची करा. हा राजा दोन्ही याद्यांत सापडणार नाही. मग ‘एक तर आहे, नाही तर नाही’ या तर्कशास्त्राच्या नियमाचं काय करायचं? मायनाँग म्हणायचा की अस्तित्वात नसलेल्या वस्तूही एका अर्थाने वस्तूच असतात. रसेलला हे मान्य नव्हतं.

त्याचा तोडगा असा. ‘फ्रान्सचा राजा’ हे शब्द एखाद्या नावासारखे कुणाकडे बोट दाखवतात असं समजूच नका. पूर्ण वाक्य घ्या आणि त्याचे तीन भाग करा:

१. फ्रान्सचा राजा असलेली निदान एक व्यक्ती आहे.
२. अशी एकाहून अधिक व्यक्ती नाही.
३. जी कोणी तशी आहे, तिला टक्कल आहे.

पहिला भाग खोटा, म्हणून वाक्य खोटं. संपलं. कुठलीही भुताटकीची वस्तू मानावी लागत नाही. नकारार्थी वाक्याचे दोन अर्थ होतात हेही यातून आपोआप उलगडतं. मराठीत ते सोपं दिसतं. ‘फ्रान्सच्या राजाला टक्कल नाही’ म्हटलं की डोक्यावर केस असलेला राजा डोळ्यांसमोर येतो. ‘फ्रान्सच्या राजाला टक्कल आहे असं नाही, मुळात फ्रान्सला राजाच नाही’ असं म्हटलं की राजा गायब होतो. पहिल्यात नकार वाक्याच्या आत आहे, दुसऱ्यात तो संपूर्ण विधानाला लागलाय. आपल्याकडे ‘असं नाही’ हे वेगळं रूप त्यासाठी तयारच आहे.

एक गंमत बघा. इंग्रजीत राजा कर्ता आहे आणि टकलेपणा त्याच्याबद्दल सांगितलाय. मराठीत ‘राजाला’ असं म्हणून आपण राजाला बाजूला सरकवतो आणि व्याकरणाच्या दृष्टीने ‘टक्कल’च कर्त्याच्या जागी बसतं. वाक्य मात्र त्याच परिस्थितीत खरं ठरतं. व्याकरणातलं रूप हे विधानाचं खरं रूप असेलच असं नाही, हा रसेलचा मुख्य मुद्दा. मी ज्या भाषेच्या जोरावर त्याला पाडायला निघाले होते, ती भाषा पहिल्याच वाक्यात त्याच्या बाजूने साक्ष देत होती. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

दोन दावे, वेगळे करून

आता गाईडच्या प्रश्नाकडे. रसेलच्या पेपरात दोन दावे आहेत आणि वाचताना ते एकमेकांत मिसळतात.

पहिला दावा विधानाबद्दल आहे: असं विधान म्हणजे वरच्या तीन भागांचं मिळून एक विधान. दुसरा दावा शब्दांबद्दल आहे: एखादी शब्दसंहती अशा प्रकारची आहे की नाही हे केवळ तिच्या रूपावरून ठरतं. इंग्रजीत ते रूप म्हणजे ‘द’. १९१८ साली तुरुंगात असताना रसेलने गणिताच्या तत्त्वज्ञानावरचं जे पुस्तक लिहिलं (ते १९१९ साली छापून आलं), त्यात तर त्याने लागोपाठ दोन प्रकरणं या एका शब्दाला दिली आहेत, एक त्याच्या एकवचनासाठी आणि एक अनेकवचनासाठी.

‘मराठीत द नाही’ या वाक्याने पहिल्या दाव्याला धक्काही लागत नाही. एखाद्या भाषेत ‘आणि’ला वेगळा शब्द नसला, तर त्या भाषेत दोन गोष्टी एकत्र सांगता येत नाहीत असं थोडंच आहे? माझं सहा पानी टिपण इथे कोसळलं. प्रश्न उरतो तो दुसऱ्या दाव्याचा, आणि तिथे मराठीला खरंच काही बोलायचं आहे.

लांडगा आणि मुख्याध्यापक

‘लांडगा आला रे आला!’ ही आरोळी घ्या. कुणीही विचारत नाही, ‘कोणता लांडगा?’ आता शाळेच्या व्हरांड्यात कुणी पळत येऊन म्हणालं, ‘मुख्याध्यापक आले!’ इथे एका ठरावीक माणसाबद्दल बोलणं चाललंय. दोन्ही नामं उघडी आहेत, मागेपुढे काही नाही. इंग्रजीत पहिल्याला एक आर्टिकल लागेल, दुसऱ्याला दुसरं. रसेलच्या भाषेत सांगायचं तर ‘लांडगा’मध्ये फक्त पहिला आणि तिसरा भाग आहे, ‘मुख्याध्यापक’मध्ये तिन्ही. तो मधला, ‘एकच’ सांगणारा भाग शब्दाच्या रूपात कुठेच दिसत नाही. शाळेत मुख्याध्यापक एकच असतो हे आपल्याला ठाऊक असतं, तिथून तो येतो.

पाहुणे मुलगी बघायला आले, आणि पाहुणे मुलीला बघायला आले. बहुतेकांना पहिल्यात स्थळ बघण्याचा कार्यक्रम ऐकू येतो, दुसऱ्यात ओळखीची, बोलण्यात आधी येऊन गेलेली मुलगी. म्हणजे मराठीत निश्चितपणाचं काम कधी ‘ला’ करतो, कधी ‘तो’ करतो, कधी जगाचं ज्ञान करतं. ते एका शब्दाच्या खात्यावर जमा नाही.

एवढं सापडल्यावर मी पुन्हा उड्या मारायला लागले, आणि पुन्हा सावध व्हावं लागलं. ही कसोटी तुम्हीही करून बघा:

‘एक लांडगा आला. एक लांडगा गेला.’
‘लांडगा आला. लांडगा गेला.’

पहिल्या जोडीत दोन वेगळे लांडगे सहज असू शकतात. दुसऱ्या जोडीत बहुतेकांना एकच लांडगा आला आणि गेला असं वाटतं. म्हणजे उघडं नाम ‘काहीही चालेल’ असं नाही. त्याचा कल निश्चिताकडे आहे. हिंदीच्या बाबतीत भाषावैज्ञानिक वेनीता दयाल यांनी असंच मांडलंय: उघडं एकवचनी नाम म्हणजे ‘एक’ लावलेलं नाम नव्हे, त्याचं वागणं वेगळं आहे. मग ‘लांडगा आला रे’चं स्पष्टीकरण दुसऱ्या वाटेने द्यावं लागतं. लांडगा ही जात तिथे बोलली जातेय की काय, असा विचार करावा लागतो.

तेव्हा माझा निष्कर्ष आता इतकाच आहे: मराठीत रूपावरून काहीतरी ठरतं, पण ‘द’मुळे इंग्रजीत जितकं ठरतं तितकं नाही. रसेलचा दुसरा दावा सगळ्या भाषांसाठी जसाच्या तसा घेता येत नाही. आणि हे नेमकेपणाने सांगायला मला रसेलचेच तीन भाग वापरावे लागले. ज्याला पाडायचं त्याच्याच हत्याराशिवाय काम होत नाही, हे ध्यानात ठेवा.

स्ट्रॉसनचा आक्षेप आणि ‘आपण’ कोण?

१९५० साली पीटर स्ट्रॉसनने त्याच ‘माइंड’मध्ये ‘ऑन रेफरिंग’ लिहून रसेलवर हल्ला चढवला. त्याचं म्हणणं: वाक्य आणि वाक्याचा वापर यांत तुम्ही गल्लत करताय. अर्थ वाक्याला असतो. खरं-खोटं असतं ते त्या वाक्याचा विशिष्ट वेळी केलेला वापर. सतराव्या शतकातल्या माणसाने ‘फ्रान्सचा राजा शहाणा आहे’ म्हटलं तर तो खरं किंवा खोटं बोलला. आज कुणी तेच म्हटलं तर आपण ‘खोटं’ म्हणत नाही; तो प्रश्नच उद्भवत नाही. राजा आहे हे त्या वाक्यात सांगितलेलं नसतं, ते गृहीत धरलेलं असतं.

पटतं ना? मलाही पटलं. सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरणारी, दोन मुख्याध्यापक असलेली शाळा घ्या. कुणी म्हणालं, ‘मुख्याध्यापक रजेवर आहेत.’ तुम्ही ‘खोटं!’ म्हणाल का? तुम्ही विचाराल, ‘कोणते?’ रसेलच्या हिशेबाने दुसरा भाग खोटा, म्हणून सगळं विधान खोटं. प्रत्यक्षात तसं कुणी बोलत नाही.

पण इथे थांबू नका, कारण स्ट्रॉसनचा सगळा भार ‘आपण काय म्हणू’ यावर आहे. ‘आपण’ म्हणजे कोण? ऑक्सफर्डमधले इंग्रजी बोलणारे. मराठी बोलणाऱ्याला विचारताना एक अडचण येते, ती मला फार उशिरा लक्षात आली. मराठीत ‘खोटं’ हा शब्द दोन कामं करतो. विधान चुकीचं आहे हे सांगतो, आणि बोलणारा लबाडी करतोय हेही सांगतो. ‘खोटं बोलू नकोस’ म्हणतो तेव्हा आपण चुकीबद्दल बोलत नसतो. त्यामुळे ‘फ्रान्सच्या राजाला टक्कल आहे’ याला ‘खोटं’ म्हणायला जीभ कचरते तेव्हा कशामुळे कचरते? विधान खरं-खोटं यांच्या मधल्या पोकळीत आहे म्हणून, की समोरच्या भाबड्या माणसाला लबाड म्हणायचं नाही म्हणून? आणि ‘हे खरं नाही’ असं म्हणून बघा, ते बऱ्याच जणांना चालतं. म्हणजे मी ज्या मित्रमैत्रिणींना ‘हे वाक्य खोटं वाटतं का?’ असं विचारत फिरले, त्यांची उत्तरं मला वापरता येणार नव्हती. प्रश्नच सदोष होता.

हा दोष फक्त मराठीचा समजू नका. जिथे जिथे पेपरात ‘आपण असं म्हणणार नाही’ असं वाक्य येतं, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि विचारा: का म्हणणार नाही? खोटं आहे म्हणून, की विचित्र आहे म्हणून, की उद्धट आहे म्हणून? रसेलने १९५७ साली दिलेल्या उत्तरात याच अंगाने टोला मारलाय. तो म्हणतो, समजा एखाद्या देशात कायदा आहे की ‘विश्वाचा शास्ता शहाणा आहे’ हे विधान खोटं मानणाऱ्याला सरकारी पद मिळणार नाही. तिथे एखादा नास्तिक ‘मी ते खोटं मानत नाही, कारण प्रश्नच उद्भवत नाही’ असं म्हणून पद मिळवू लागला, तर त्याला आपण सरळ माणूस म्हणू का? त्याच उत्तरात त्याने हेही सांगितलं की ‘सध्याचा’च्या जागी ‘१९०५ मधला’ असं घातलं की वापर आणि वेळ यांबद्दलचा स्ट्रॉसनचा मुद्दा उरत नाही. हे उत्तर तिखट आहे, आणि अर्धं बरोबर आहे. वेळेचा मुद्दा त्याने सोडवला. गृहीत धरण्याचा मुद्दा तसाच राहिला.

जिथे मराठी खरंच मदत करते

१९६४ साली स्ट्रॉसनने स्वतःच आपलं म्हणणं सैल केलं. काही वाक्यांत राजा नसतानाही विधान सरळ खोटं वाटतं हे त्याने मान्य केलं. कारण त्याच्या मते असं: वाक्य कशाबद्दल चाललंय, यावर ते ठरतं. त्याचं उदाहरण प्रदर्शनाचं आहे. ते मराठीत करून बघू:

‘काल प्रदर्शनाला फ्रान्सचा राजा आला होता.’
‘फ्रान्सचा राजा काल प्रदर्शनाला आला होता.’

पहिलं ऐकून माझ्या तोंडून निघतं, ‘छे, कुणी राजाबिजा नव्हता आला, मी तिथेच होते.’ दुसरं ऐकून निघतं, ‘अगं, फ्रान्सला राजा कुठे आहे?’ शब्द तेच, फक्त क्रम बदललाय. इंग्रजीत हा फरक करायला वाक्याची रचना फिरवावी लागते किंवा आवाजावर काम भागवावं लागतं. मराठीत शब्द इकडचे तिकडे केले की झालं, आणि ‘फ्रान्सचा राजा तर’ असं म्हटलं की फरक आणखी ठळक होतो.

हे रसेलच्या विरोधात जातं का? थोडंसं. दोन्ही वाक्यांना तो एकच विश्लेषण देईल. तो म्हणू शकतो की प्रतिक्रियांमधला फरक बोलण्याच्या व्यवहाराचा आहे, विधानाचा नाही. पण मग क्रमामुळे इतका नियमित फरक का पडतो, हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि १९५०च्या स्ट्रॉसनच्या तर हे नक्कीच विरोधात जातं. माझ्या मते दोघांचं भांडण वाटतं तितकं मोठं नाही. विधान खरं असायला एकच राजा असावा लागतो आणि त्याला टक्कल असावं लागतं, हे दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो ‘खरं नाही’ या बाजूच्या आत काय काय मावतं, याचा. सगळी पुस्तकं हा वाद अर्थाचा म्हणून शिकवतात. मला तो अर्ध्याहून अधिक नकाराचा वाद वाटतो.

एक कसोटी, जी मला आधी माहीत हवी होती

१९६६ साली कीथ डॉनेलनने दाखवलं की वर्णन दोन प्रकारे वापरता येतं. प्रेत बघून म्हटलं, ‘याचा खुनी वेडा आहे’, म्हणजे जो कुणी असेल तो. आणि कोर्टात पिंजऱ्यातल्या माणसाकडे बघून तेच म्हटलं, म्हणजे हा समोरचा, मग खून त्याने केलेला असो वा नसो. मला वाटलं, सापडलं! मराठीत ‘ज्याने कोणी खून केला असेल तो वेडा असला पाहिजे’ असं वेगळं रूप आहे. सॉल क्रिप्कीने १९७७ साली म्हटलंच होतं की शब्द खरोखर दोन अर्थांचा असेल, तर कुठल्यातरी दुसऱ्या भाषेत त्या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द सापडायला हवेत. मग मराठी हीच ती भाषा की!

नाही. इंग्रजीतही ‘जो कोणी’ला शब्द आहे. आणि मराठीतलं साधं ‘खुनी’ दोन्हीकडे चालतंच. जास्तीचं एक रूप असणं म्हणजे मूळ शब्दाला दोन अर्थ असणं नव्हे. त्याच पेपरात क्रिप्कीने दुसरी कसोटी दिलीय: अशी भाषा कल्पा, जिथे रसेलचा सिद्धान्त कायद्याने लागू आहे. तिथेही माणसं हीच गल्लत करतील का? करतील, तर ती गल्लत रसेलविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही. माझं ‘कोणते मुख्याध्यापक?’ हे उदाहरण या कसोटीवर डळमळतं. त्या काल्पनिक शाळेतही लोक ‘कोणते?’ असंच विचारतील. क्रमाचं उदाहरण मात्र मला अजून तरी टिकलेलं दिसतं, म्हणून प्रकरणात तेच ठेवलंय.

तर ‘मराठीत द नाही’ हे वाक्य आता माझ्या प्रकरणात तळटीप म्हणून उरलंय. त्या जागी तीन छोटे दावे आले: रूपावरून सगळं ठरत नाही, ‘खोटं’ हा शब्द कसोटीला नालायक आहे, शब्दक्रमाचा खुलासा रसेलला द्यावा लागेल. सहा पानांतली फुशारकी गेली, पण आता कुणी समासात ‘नेमकं कोणतं विधान?’ असं लिहिलं तर बोट ठेवून दाखवता येतं.

तुम्ही एक करा. या आठवड्यात कुठलाही एक पेपर घ्या आणि त्यातली उदाहरणं मराठीत करा. जिथे भाषांतर अडेल तिथे लगेच ‘लेखक चुकला’ असं लिहू नका. अडलंय ते विधान आहे, शब्द आहे, की आपला ‘खोटं’सारखा एखादा दुहेरी शब्द आहे, एवढं आधी लिहून काढा. आणि प्रदर्शनाच्या त्या दोन वाक्यांना तुमच्या घरी काय उत्तर मिळतं तेही विचारून बघा. कोकणात, विदर्भात, गोव्यात वेगळं मिळालं तर मला जरूर कळवा. माझ्या प्रकरणाचा टिकलेला एकमेव खांब तोच आहे, आणि तो पडणार असेल तर प्रबंध जमा करायच्या आधी पडलेला बरा.